चालू फायबरवर क्वांटम चावी: दहा आठवड्यांच्या नोंदी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

सुरुवात गैरसमजातून झाली, ते आधीच लिहून टाकतो. डिसेंबरात बातमी आली होती. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने ३० किलोमीटर फायबरवर, सेकंदाला ४०० गिगाबिट नेहमीचा डेटा वाहत असताना, त्याच फायबरमधून क्वांटम टेलिपोर्टेशन (एका कणाची अवस्था दूरच्या दुसऱ्या कणावर उतरवणं) करून दाखवलं. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी ती वाचली आणि आज बैठकीत विचारलं, "मग आपल्या दोन डेटा सेंटरमधली लाइन याने फास्ट होईल ना?"

नाही होणार. एका क्यूबिटमधून, म्हणजे क्वांटम बिटमधून, एका बिटपेक्षा जास्त माहिती बाहेर काढता येत नाही, हे गणितज्ञ होलेवो यांनी १९७३ मध्येच दाखवलंय. टेलिपोर्टेशनलाही सोबत साधा निरोप पाठवावाच लागतो. मॅडम म्हणाल्या, "मग होईल काय, ते सांगा." मी म्हटलं, डेटा आहे त्याच वेगाने जाईल, पण त्याला लावलेल्या कुलपाची चावी फोटॉनवरून, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणावरून, येईल आणि वाटेत कोणी डोकावलं तर कळेल. त्यांनी दहा आठवडे दिले.

हाताशी काय आहे: इमारत अ आणि इमारत ब, मध्ये २४ किलोमीटर फायबरची एक जोडी. तिच्यावर १० जीचे (सेकंदाला १० गिगाबिटचे) चार चॅनल, सगळ्यांची तरंगलांबी, म्हणजे प्रकाशाचा रंग, १५५० नॅनोमीटरच्या आसपास. वाटेत ॲम्प्लिफायर नाही हे नशीब. असता तर आजच फाइल बंद करावी लागली असती, कारण ॲम्प्लिफायरमधून एकटा फोटॉन धड पलीकडे जात नाही. चाचणीपुरता क्यूकेडीचा, म्हणजे फोटॉनवरून चावी पाठवण्याचा, एक जुना संच उसना मिळालाय, तो १३१० वर चालतो. माहितीपत्रकात गृहीत धरलंय की त्याला स्वतंत्र रिकामा फायबर मिळेल. आमच्याकडे रिकामा फायबर नाही. म्हणजे खरा प्रकल्प हाच.

गुरुवार, ९ जानेवारी

टेबलावरची चाचणी. दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या, मध्ये पॅचकॉर्ड (छोटी जोडकेबल) आणि १० डीबीचा ॲटेन्युएटर, म्हणजे प्रकाश मुद्दाम मंद करणारा तुकडा (डीबी हे घटीचं माप, १० डीबीला दहावा हिस्सा उरतो). चुकांचं प्रमाण, म्हणजे क्यूबीईआर, १.८ टक्के. चावीचा वेग सेकंदाला ६ किलोबिट. सकाळी अकराला सुरू केलं, पहिली चावी साडेअकराला पडली. आम्हाला वाटलं बिघडलंय, म्हणून मध्ये एकदा रीस्टार्टही केलं. ते करायचं नसतं. पेटी एक कोटी बिट साठले की मगच हिशेब करते. रीस्टार्ट केलं की साठलेलं सगळं जातं आणि परत शून्यापासून.

एक गंमत. दोन्ही पेट्यांनी एकमेकींना ओळखावं म्हणून सुरुवातीचं एक गुपित दोन्हीकडे हाताने भरावं लागतं. ते मी पेनड्राइव्हवर घालून स्वतः इमारत ब ला नेऊन दिलं. भविष्यातलं तंत्रज्ञान, पण पहिली फेरी पायीच.

बुधवार, १५ जानेवारी

रात्री ओटीडीआर लावला, म्हणजे फायबरमध्ये प्रकाशाचे पल्स सोडून घट कुठे होते ते दाखवणारं यंत्र. १३१० ला किलोमीटरमागे ०.३५ डीबी धरले तर २४ किलोमीटरला ८.४ यायला हवेत. आले १२.७. नऊ किलोमीटरवरच्या मधल्या पॅनेलपाशी मोठी उडी आणि तिथेच दणकट परावर्तन.

स्प्लायसिंगचे दादा सोबत होते. पॅनेल उघडलं तर हिरव्या कनेक्टरसमोर निळा कनेक्टर. हिरवा म्हणजे एपीसी, टोक ८ अंशांनी तिरपं घासलेलं. निळा म्हणजे यूपीसी, टोक सरळ. दोघांची तोंडं कधी जुळतच नाहीत. मध्ये हवेची फट राहते आणि टोकंही खराब होतात. मी विचारलं, हे किती वर्षांपासून असंच? दादा म्हणाले, "डेटा चालतोय ना? मग उघडून कोण बघतंय!" खरंच आहे. डेटाच्या लेझरकडे एवढी ताकद शिल्लक असते की तीन डीबी कुठे गेले हे कोणाला कळतही नाही. इथे तीन डीबी म्हणजे निम्मे फोटॉन.

दोन्ही टोकं बदलली, बाकीची साफ केली. आता ९.६. रात्रीचे साडेतीन.

चूक नोंदवतो, माझी. अ कडून ओटीडीआर मारताना ब कडची घेणारी पेटी फायबरला जोडलेलीच होती. एकेक फोटॉन मोजायला बनवलेल्या डिटेक्टरवर ओटीडीआरचे पल्स आदळले. पेटीने ओरडून स्वतःला बंद केलं म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी अंधारातली मोजणी (प्रकाश नसताना डिटेक्टर किती वेळा खोटं वाजतो) तपासली, पूर्वीइतकीच होती. तेव्हा कुठे जेवण गेलं. ओटीडीआर हातात घेण्याआधी पलीकडे फोन करा आणि "कॉर्ड काढली, टोपी लावली" हे शब्द ऐका. "हो हो, बघतो" चालत नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

डेटा आणि क्वांटम पहिल्यांदा एकत्र. क्यूबीईआर ४९ टक्के. म्हणजे नाणं उडवल्यासारखं. डिटेक्टरला आमचा फोटॉन दिसतच नाहीये, नुसता कचरा दिसतोय.

हा हिशेब मी आधी करायला हवा होता, इतका साधा आहे. आमची पेटी सेकंदाला १० कोटी पल्स सोडते आणि दर दोन पल्समागे सरासरी एक फोटॉन. पलीकडे पोचतात साधारण ५० लाख. डेटाचा लेझर ० डीबीएम, म्हणजे १ मिलीवॅट. १५५० ला १ मिलीवॅट म्हणजे सेकंदाला ७,८०० लाख कोटी फोटॉन. वाटेतली घट धरली तरी ब च्या दाराशी हजार लाख कोटी उभे असतात. १३१०/१५५० वेगळे करायला आम्ही कपाटात पडलेला जुना कपलर वापरला होता. मोजला तर अलगीकरण १८ डीबी. गर्दीतून साठेकांतला एक आत सोडणारा दारवान.

४० डीबीचा एक चांगला फिल्टर दहा हजारांतला एक सोडतो. एक लावला तर हजार लाख कोटींचे दहा हजार कोटी उरतात. दोन लावले तर एक कोटी, म्हणजे आमच्या ५० लाखांच्या दुप्पट. तीन लावले तर हजार. तिथे कुठे बोलणी सुरू होतात. तीन हवेत.

आणखी एक बावळटपणा सापडला. क्वांटम अ कडून ब कडे जातो, पण आम्ही जोडीतला तो फायबर घेतला होता ज्यात डेटा ब कडून अ कडे येतो. का? त्याचा पॅच पॅनेलवर हाताशी होता. डेटाचा ताजा, सगळ्यात जोरकस प्रकाश आमच्या डिटेक्टरच्या नाकाखालून निघत होता आणि मागे विखुरलेला सगळा परत आमच्यावर. फायबर बदलला. आता दोघं एकाच दिशेने जातात.

शुक्रवार, २४ जानेवारी

फिल्टर मागवले. फक्त ब साठी नाही, अ साठीही. हे उशिरा सुचलं. डेटाचा लेझर १५५० चा असला तरी त्याच्या पोटातून १३१० ची अगदी बारीक धूळही बाहेर पडते. ती एकदा फायबरमध्ये मिसळली की ब कडचा कुठलाही फिल्टर तिला अडवू शकत नाही, कारण तिचा रंग आमच्याच फोटॉनचा. ती उगमापाशीच गाळायची.

१९९७ मध्ये पॉल टाउनसेंड यांनी १३०० ला चावी आणि १५५० ला डेटा एकाच बसवलेल्या फायबरवर चालवून दाखवला होता. म्हणजे आम्ही नवीन काही करत नाही. तरी दर वळणावर ठेच लागतेच आहे.

फिल्टर यायला अठरा दिवस. दहा आठवड्यांतले अडीच इथे गेले. हिशेब आधी केला असता तर ऑर्डर ६ जानेवारीलाच गेली असती.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

फिल्टर आले, बसवले. क्यूबीईआर ९.४. पुस्तकात बीबी८४ या क्यूकेडीच्या मूळ पद्धतीची मर्यादा ११ टक्के दिलेली असते, ती वाचून खूश होऊ नका. आमची पेटी ८ च्या वर गेलं की चावी देणं थांबवते. प्रत्यक्षात चुका दुरुस्त करायला बिट खर्च होतात, शिवाय साठा मर्यादित असतो म्हणून वजावट वेगळी.

उरलेला गोंधळ फिल्टरने जाणारा नाही. डेटाचा प्रकाश काचेशी झटापट करतो आणि त्यातला थोडा रंग बदलून बाहेर पडतो, हे रामन विखुरण. बहुतेक लांब तरंगलांबीकडे सरकतो, आखूडकडे कमी. म्हणूनच १३१० ची जागा बरी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि हा १३१० चा रंग फायबरच्या आतच तयार होतो. त्यावर उपाय एकच, शेजाऱ्याला हळू बोलायला सांगणं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

डेटाच्या मॉड्यूलला पलीकडे −९ डीबीएम मिळतंय. त्याच्या कागदावर लिहिलंय −२३ पर्यंत चालेल. चौदा डीबी नुसते उधळतोय. चारही चॅनलवर ८ डीबीचे ॲटेन्युएटर लावायचं ठरलं.

सहकाऱ्याने लावले. डेटा −१७ वर व्यवस्थित, एरर शून्य. क्यूबीईआर मात्र ९.४ च्या ९.४. दोन तास आम्ही फिल्टर हलवून पाहिले, कॉर्ड बदलल्या, सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. मग फोनवर सहज विचारलं, "ॲटेन्युएटर कुठे लावलेस रे?" तो म्हणाला, "रिसीव्हरला. नेहमी तिथेच तर लावतो आपण."

बरोबर आहे त्याचं. रिसीव्हर भाजू नये म्हणून सगळे तिथेच लावतात. पण तोवर प्रकाश २४ किलोमीटर ओरडत आलेला असतो, विखुरायचं ते विखुरून झालेलं असतं. काढून अ कडे, मल्टिप्लेक्सरच्या (सगळे रंग एका फायबरमध्ये घालणाऱ्या पेटीच्या) आधी लावले. दहा मिनिटांत क्यूबीईआर ३.१. रामनचा गोंधळ लेझरच्या ताकदीच्या प्रमाणात वाढतो-घटतो, त्यामुळे ८ डीबीला तो सहापट उतरायला हवा होता. जवळपास तेवढाच उतरला.

चावी सेकंदाला १.९ किलोबिट. टेबलावरच्या सहापेक्षा कमी, कारण तीन फिल्टर आणि कपलर मिळून आमच्या फोटॉनचेही अडीच डीबी खातात. चालेल.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दिवसा सगळं छान. रात्री दोन ते तीनच्या दरम्यान चावी बंद. सलग तिसरी रात्र.

सोमवार, ३ मार्च

या एका भुताने बारा दिवस खाल्ले, म्हणून जरा सविस्तर.

लॉग बारकाईने पाहिला तर वेळ नेमकी: २ वाजून १० मिनिटं. क्यूबीईआर एकदम २० च्या वर, सहा मिनिटं तसाच, मग आपोआप खाली. सहा मिनिटांनी एवढं काय बिघडतं? वीस मिनिटांचा साठा फेकला जातो, पेटी पंधरा मिनिटं स्वतःला जुळवत बसते, पुन्हा वीस मिनिटं साठा. पाऊण तासाच्या वर चावी नाही.

पहिला संशय बॅकअपवर. तोही दोनला सुरू होतो. सहकाऱ्याने दोन रात्री ट्रॅफिकचा आलेख आणि क्यूबीईआरचा आलेख एकावर एक ठेवले आणि ते जुळतात असं त्याला वाटलंही. पण १० जीची लिंक रिकामी असो की भरलेली, लेझर तेवढाच पेटलेला असतो. बिट वाढले म्हणून प्रकाश वाढत नाही. खात्रीसाठी बॅकअप चारला ढकलला. भूत २ वाजून १० मिनिटांनीच आलं.

दुसरा संशय थंडीवर. फायबर तापमानाने लांब-आखूड होतं. २४ किलोमीटरला एका अंशामागे सुमारे एक नॅनोसेकंद इकडेतिकडे होतो आणि डिटेक्टरची खिडकी अरुंद असते. पण तापमान रोज घड्याळ लावून सहा मिनिटांसाठी बदलत नाही. हे मी तिसऱ्या रात्री मान्य केलं. तोवर रॅकमध्ये चार थर्मामीटर लावून झाले होते.

तिसरा संशय वातानुकूलनाच्या धक्क्यावर. त्याबद्दल काही लिहीत नाही, लाज वाटते.

शेवटी स्प्लायसिंगच्या दादांना दुसऱ्याच कामासाठी फोन केला होता. बोलता बोलता रडगाणं ऐकवलं. ते म्हणाले, "किती वाजता म्हणालात? दोन-दहा? अहो, ती आमची रात्रीची चाचणी!"

केबल तुटली तर लगेच कळावं म्हणून अ कडे एक देखरेख यंत्र बसवलंय. ते रोज रात्री या जोडीवर १६२५ नॅनोमीटरचे ओटीडीआर पल्स मारतं. १६२५ अशासाठी की चालू डेटाला धक्का लागू नये, आणि डेटाला खरंच कधी लागला नाही. आमच्या फिल्टरचे कागद पुन्हा उघडले. १५८० पर्यंत अडवण्याची हमी आहे, त्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. काही लिहिलेलं नाही म्हणजे अडवत नाही, हे आम्ही पैसे मोजून शिकलो.

तात्पुरतं: रात्रीची चाचणी बंद, दादा हवी तेव्हा हाताने मारतील. कायमचं: १६२५ अडवणारा आणखी एक फिल्टर ब कडे. (नंतरची भर:) तो ७ तारखेला आला, अर्धा डीबी अजून गेला, चाचणी पुन्हा सुरू केली. २ वाजून १० मिनिटांनी क्यूबीईआर ३.३. मी जागा होतो.

सोमवार, १० मार्च

चाव्या राउटरपर्यंत नेणं. हे सॉफ्टवेअरचं काम, मला वाटलं होतं एक दिवस. तीन लागले.

पेटी ईटीएसआय ०१४ या प्रमाणित एपीआयने (सॉफ्टवेअरने मागणी करायच्या ठरलेल्या रीतीने) चाव्या देते. एका टोकाने "एन्क-कीज" मागायची, चावीसोबत तिचा क्रमांक मिळतो, तो क्रमांक साध्या वाटेने दुसऱ्या टोकाला कळवायचा आणि तिथे तोच क्रमांक देऊन "डेक-कीज" मागायची. मी दोन्हीकडे एकच स्क्रिप्ट टाकली, दोन्ही टोकं "एन्क-कीज" मागत बसली. दोघांनाही उत्तम दर्जाच्या, अगदी वेगवेगळ्या चाव्या मिळाल्या. बोगदा, म्हणजे दोन इमारतींमधली कुलूपबंद जोडणी, उभा राहीना.

ते दुरुस्त केल्यावरही उभा राहीना. चावी बेस६४ मध्ये, म्हणजे अक्षरांत बदलून, येते. अ ची स्क्रिप्ट ती उलगडून देत होती, ब ची तशीच मजकूर म्हणून. अर्धा दिवस.

बुधवार, १२ मार्च

बोगदा उभा. दोन्ही टोकांना स्ट्रॉंगस्वान (बोगदा चालवणारं सॉफ्टवेअर), चावी आरएफसी ८७८४ या मानकाच्या पद्धतीने आयकेईव्ही२ मध्ये, म्हणजे बोगदा ठरवण्याच्या बोलणीत, मिसळलेली. दर दहा मिनिटांनी री-की (कुलपाची चावी बदलणं) लावलं आणि मॅडमना कळवलं की दर दहा मिनिटांनी क्वांटम चावी बदलते.

संध्याकाळी चाव्यांच्या साठ्यावर नजर गेली. सकाळपासून फक्त एक खर्ची पडली होती. आरएफसी पुन्हा वाचलं. बाहेरून दिलेली चावी मिसळते ती पहिल्या ओळखपाळखीच्या वेळी. नंतरचं री-की त्याच मुळातून नवी फांदी काढतं, नवी क्वांटम चावी मागत नाही. नवी हवी तर पूर्ण ओळख नव्याने करावी लागते. री-ऑथेंटिकेशन दहा मिनिटांवर आणलं, नवा बोगदा उभा राहिल्यावरच जुना सोडायचा असं ठेवलं. पहिल्या दोन वेळा दोनेक सेकंद डेटा अडखळला, वेळा नीट जुळवल्यावर नाही.

मॅडमना दुरुस्तीचा निरोप पाठवला. हे पाठवणं जिवावर आलं होतं.

आणि आता हसू येतं ते असं. एक चावी २५६ बिटांची. सेकंदाला १.९ किलोबिट म्हणजे सात चाव्या. आम्हाला लागते दहा मिनिटांना एक. महिनाभर अर्ध्या-अर्ध्या डीबीसाठी जीव काढला आणि गरजेच्या चार हजार पट चाव्या पडतायत. वेग नव्हे, सलगपणा हवा होता. हे आधी कळलं असतं तर २ वाजून १० मिनिटांच्या भुतालाही साठ्यातल्या पाच-सहा चाव्या देऊन वाटेला लावलं असतं.

सोमवार, १७ मार्च

आता हजार चाव्यांचा साठा ठेवतो, जवळपास सात दिवस पुरेल. पण साठ्यातली चावी डिस्कवर पडलेली असते. तिची सुरक्षितता त्या पेटीच्या दाराइतकीच. सात दिवस जास्त झाले का? सुरक्षा विभागाला एक दिवस हवा होता, नेटवर्कवाल्यांना महिना. तीन दिवसांवर तडजोड झाली.

त्याच बैठकीत सुरक्षावाल्या ताईंनी विचारलं, "एमएल-केम का नाही लावलं?" क्वांटम संगणकापुढे टिकेल अशी ती पद्धत ऑगस्ट २०२४ मध्ये एफआयपीएस २०३ या अमेरिकी मानकात प्रमाणित झाली आणि डिसेंबरात आलेल्या स्ट्रॉंगस्वान ६.० मध्ये ती आहे. फायबर नको, फिल्टर नको, पायी पेनड्राइव्ह नको. दुपारी जेवणानंतर बसलो, पाच वाजेपर्यंत ती लागली. दोन्ही एकत्र चालवतोय: एक मोडलं तरी दुसरं आहे. पण एकीकडे एक दुपार आणि दुसरीकडे दहा आठवडे, हे ताईंनी वहीत लिहून घेतलं ते मी पाहिलं.

गुरुवार, २० मार्च

मॅडमसाठी वेग मोजला. प्रकल्पाआधी एका चॅनलवर ९.४ गिगाबिट. आता ९.४. आलेखात दोन रेषा एकमेकींवर बसतात, वरची दिसावी म्हणून तिला तुटक केली. मॅडमनी आलेख पाहिला, म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही जानेवारीत सांगितलं तेच." मग विचारलं, संच ठेवायचा की परत करायचा. मी मुदतवाढ मागितली, दोन महिने मिळाले.

मधल्या पॅनेलच्या दारावर आतून कागद चिकटवलाय: "या जोडीवर १३१० चालू. ओटीडीआरआधी ब ला फोन." दादांनी खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली: "हिरव्याला हिरवाच." अ कडचे ८ डीबीचे ॲटेन्युएटर कोणीतरी उद्या "हे इथे कशाला" म्हणून काढणार, म्हणून त्यांनाही पिवळी पट्टी बांधली.